अवघड दिवसांतला शरद : कृतज्ञतेची वही कशी ठेवावी

गणपती गेले आणि चौथ्या दिवशी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. सगळा पितृपंधरवडा दवाखान्यात काढून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना साताऱ्याच्या घरी आणलं. त्यांचा पलंग हॉलमध्ये आला, सोफा गच्चीच्या जिन्याखाली गेला. भेटायला आलेला प्रत्येक जण निघताना चपला घालता घालता म्हणायचा, "पॉझिटिव्ह राहायचं बरं का." कुणी म्हणायचं, "थोडक्यात निभावलं, देवाचे आभार माना." दोन्ही वाक्यांनी माझ्या पोटात खड्डा पडायचा. रात्री तीनदा उठून त्यांची कूस बदलायची, डायपर बघायचा, सकाळी आईची शुगर आणि माझी नोकरी. यात आभार कुठून काढायचे?

त्या शरदात जे हळूहळू हाताला लागलं ते इथे पायऱ्यापायऱ्यांनी लिहिते आहे. घरात आजारपण असेल, माणूस गेलं असेल, नोकरी सुटली असेल, शेतातलं उभं पीक पाण्यात गेलं असेल, तर यातलं जे झेपेल ते घ्या. सगळं करायची गरज नाही.

आधी शब्दाकडे बघू

कृत म्हणजे केलेलं. ज्ञ म्हणजे जाणणारा. कुणीतरी आपल्यासाठी केलेलं जो जाणतो तो कृतज्ञ. या शब्दात कुठेही आनंद नाही, समाधान नाही, हसरा चेहरा नाही. आहे ते फक्त जाणणं. हे लक्षात आलं त्या दिवशी माझ्या छातीवरचं ओझं थोडं उतरलं, कारण तोवर मला वाटत होतं की कृतज्ञ व्हायचं म्हणजे बरं वाटून घ्यायचं. बरं वाटणं माझ्या हातात नव्हतं. जाणणं मात्र रडतारडताही जमतं.

आता शरदच का, तर एक कारण असं की हा ऋतू आपल्याकडे आयुष्य मोजायचं माप आहे. वय सांगताना आपण म्हणतो, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत." आशीर्वाद देताना मात्र 'जीवेत् शरदः शतम्' म्हणतो. सोसलेलं पावसाळ्यांत मोजायचं आणि मागायचे ते शरद! यजुर्वेदातली मूळ प्रार्थना आणखी तपशिलात जाते: शंभर शरद पाहू दे, जगू दे, ऐकू दे, बोलू दे, आणि अदीन राहू दे, म्हणजे लाचार होऊ देऊ नकोस. वाचा गेलेल्या माणसाच्या उशाशी बसून ती ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली. पाहणं आणि ऐकणं हेही मागून घ्यायचं असतं, हे आधी कधी मनातच आलं नव्हतं.

पायरी १ : जे दुखतंय ते आधी लिहा

एक साधी वही घ्या, शाळेची दोनशेपानी चालेल. पानाच्या वरच्या ओळीवर आजचं दुखणं लिहा. एक ओळ, फार तर दोन. माझ्या वहीतलं एक पान असं सुरू होतं: "आज अण्णांनी डाव्या हाताने पेजेची वाटी उडवली आणि मी त्यांच्यावर ओरडले."

ही ओळ वगळून थेट चांगल्या गोष्टींकडे गेलात तर खालचं सगळं खोटं वाटायला लागतं. मी आधी तसंच करून पाहिलं होतं, तिसऱ्या दिवशी वही कपाटात गेली. मन हट्टी असतं. त्याची तक्रार नोंदवून घेतली की ते जरा बाजूला सरकून बसतं. पण पान तक्रारीने भरू द्यायचं नाही. ओळ संपली की पेन उचला आणि एक रेघ मारा.

पायरी २ : वेळ आणि जागा आधीच्या कामाला बांधा

"दिवसातून दहा मिनिटं स्वतःसाठी काढा" हा सल्ला रुग्णाची सेवा करणाऱ्याला देऊ नये. ती दहा मिनिटं नसतातच. त्यापेक्षा रोज घडणारं एक काम निवडा. मी चहाचं आधण निवडलं. पाणी उकळेपर्यंत मागच्या दाराच्या पायरीवर उभं राहायचं, फोन आत ठेवायचा. शेजारच्या काकूंचा प्राजक्त कुंपणावरून आमच्याकडे झुकला आहे, तेवढी माझी जागा.

दवाखान्यात असाल तर वॉर्डाच्या टोकाची खिडकी, मुंबईच्या फ्लॅटमध्ये असाल तर ग्रिलचा एक कोपरा, कामावर जात असाल तर एसटीचा थांबा. जागा रोज तीच ठेवा. तिथे काल काय होतं ते आठवतं, म्हणूनच आज बदललेलं दिसतं.

ज्यांना रात्री उठावं लागतं त्यांच्यासाठी एक वेगळी जागा सांगते. ऑक्टोबरच्या मध्यावर पहाटे पाचच्या सुमारास दक्षिणेकडे बघा. वर लखलखणारा व्याध, आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून थोडा वर, दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा एकटाच असतो. तो अगस्ती. अगस्ती उगवला की पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळतं, असं आपल्याकडे फार जुन्या काळापासून मानतात. दिवसा उन्हाने तापलेल्या आणि रात्री चांदण्याने निवलेल्या या पाण्याला आयुर्वेदात 'हंसोदक' असं सुंदर नाव आहे. आमच्या गच्चीवरून अगस्ती अजिंक्यतारा किल्ल्याच्या डोक्यावर दिसायचा. चादर वाळत घालायला पहाटे गच्चीवर जायची वेळ आली नसती तर मला तो कधी दिसला नसता. हे लिहिताना 'म्हणून बरं झालं' असं मला अजिबात म्हणायचं नाही. झालं ते वाईटच झालं, आणि तारा दिसला. दोन्ही त्याच पानावर आहेत.

पायरी ३ : शरदाला नावांनी ओळखा

ही पायरी मी सगळ्यात जास्त जपते. ज्याचं नाव माहीत नाही ते डोळ्यांना दिसूनही दिसत नाही. शिवाय आपला शरद चित्रातल्या परदेशी शरदासारखा नसतो. लाल-पिवळ्या पानांचे सडे इथे पडत नाहीत, आपली पानगळ शिशिरात. आपला शरद आश्विन-कार्तिकातला. पाऊस जाताजाता मागे वळून बघतो, ढग फाटतात आणि ओल्या जमिनीवर निरभ्र आकाशातून ऊन ओतलं जातं. ऑक्टोबर हीट म्हणून आपण ज्याला वैतागतो ती हीच. त्या वैतागाच्या पोटात काय काय असतं ते पाहा.

सुरुवातीला, हस्त नक्षत्राच्या दिवसांत, दुपारी तापतं आणि संध्याकाळी गडगडून पाऊस येतो. भोंडल्याचा हत्ती याच हस्ताचा. आमच्या वाड्यात आता भोंडला होत नाही, पण त्या वर्षी पलीकडच्या गल्लीत मुली फेर धरत होत्या आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा दंगा भिंतीवरून ऐकू येत होता. एकीने "वाटली डाळ" म्हणून ओरडल्यावर अण्णांची डावी भुवई वर गेली. वाटली डाळ त्यांची आवडती. मी वहीत फक्त 'भुवई' असा एक शब्द लिहिला.

प्राजक्ताची कळी संध्याकाळी उमलते आणि उजाडताना फूल गळून पडतं. केशरी देठ वर, पांढऱ्या पाकळ्या खाली. जमिनीवर पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत, प्राजक्ताला मात्र ती सूट आहे. गळून पडलेलं चालतं, ही गोष्ट मला त्या दिवसांत फार जवळची वाटली.

सोनकीने किल्ल्याचा उतार पिवळा होतो. कास आमच्यापासून साधारण पंचवीस किलोमीटर. तिथे फुलं बघायला जाणाऱ्या गाड्या घरावरून जात होत्या आणि मी जाऊ शकत नव्हते. पहिले काही दिवस मत्सर वाटला, तोही वरच्या ओळीत लिहिला. मग औषधं आणायला जाताना वाटेतल्या दगडी भिंतीच्या फटीत सोनकीचं एकच रोप दिसलं. येताजाता त्याच्यापाशी थांबायला लागले.

सप्टेंबर-ऑक्टोबरात धोबी पक्षी येतो, शेपूट सारखी खालीवर हलवत ओल्या अंगणात पळतो. हा थंडीचा पाहुणा आहे, पार उत्तरेकडून आलेला. भाताच्या लोंब्या पिवळ्या होऊन वाकतात. कोकणात कोजागरीच्या दिवशी नवान्न करतात, नव्या भाताची लोंबी दाराला बांधतात. शहरात असाल तर बाजारात बघा: झेंडूचे ढीग, आपट्याच्या डहाळ्या, ओले शेंगदाणे, सीताफळं, सिंघाडे. नाकानेही शोधा. फराळाची पहिली भाजणी कुठल्या तरी घरात भाजली जाते आणि तो वास जिन्याने चार मजले चढतो.

एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि ती तपशिलात लिहा. "निसर्ग सुंदर आहे" हे वाक्य वहीत नको. "पायरीवर सतरा फुलं, दोन मुंग्यांनी नेलेली" असं हवं. तपशील मोजताना मन तेवढा वेळ दुसरं काही मोजत नाही.

पायरी ४ : 'हे कोणी केलं?' असं विचारा

तिसऱ्या पायरीवर थांबलात तर ते निरीक्षण झालं. कृतज्ञतेत 'कृत' यायला हवं, म्हणजे करणारा शोधायला हवा. लिहिलेल्या एखाद्या गोष्टीखाली हे वाक्य पुरं करा: "अमुक यांनी अमुक केलं, म्हणून आज अमुक झालं."

माझं कोजागरीचं पान सांगते. त्या रात्री मसाला दूध करायची माझी ताकद नव्हती. साडेनऊला शेजारच्या काकू झाकण घातलेलं पातेलं घेऊन आल्या. केशर, वेलदोडे, चारोळी, वर जायफळ. अण्णांना गिळताना ठसका लागतो म्हणून त्यांच्यासाठी चारोळी गाळून, थोडं दाट करून वेगळ्या वाटीत आणलं होतं. त्या बसल्या नाहीत, काही बोलल्या नाहीत. मी लिहिलं: "काकूंनी चारोळी गाळली, म्हणून अण्णांची कोजागरी झाली."

मग मी तसंच मागे जात राहिले. दूध सकाळी कुणी काढलं, साखर कुठून आली. साखरेशी आल्यावर हात थांबला. दसरा-दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, बीडकडून, अहिल्यानगरकडून, लेकराबाळांसह, गावाकडच्या घराला कुलूप लावून. पहाटेच्या थंडीत कोयता चालतो आणि आपल्या दुधात साखर पडते. इथे "मी किती सुखी" असं लिहून मोकळं होता येत नाही. जाणल्यावर देणंही दिसतं, आणि त्याने अस्वस्थ वाटलं तर वाटू द्या. ही पायरी दुःख कमी करेलच असं नाही. पण आपण एकटेच सगळं ओढतो आहोत ही भावना मात्र इथेच सैल होते. निदान माझी झाली.

पायरी ५ : हातांनी करा

आपल्या पंचांगाने ही गोष्ट फार आधी ओळखली आहे. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजायची, वसुबारसेला गाय-वासरू, लक्ष्मीपूजनाला चक्क केरसुणी. कुणी विचारत नाही की तुला आतून वाटतंय का. धुवा, पुसा, हळदकुंकू लावा, फूल वाहा. हात कामाला लागतात, मन मागून आलं तर येतं.

अण्णा आयुष्यभर वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दर खंडेनवमीला पाने, पक्कड, हातोडी रॉकेलने पुसून पाटावर मांडायचे. त्या वर्षी पेटी काढायची की नाही यावरून आईचा आणि माझा वाद झाला. तिला वाटत होतं त्यांना बघून त्रास होईल. शेवटी आम्ही पेटी काढली आणि तिच्या शेजारी नवीन अवजारं मांडली: वॉकर, बीपीचं मशीन, गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा. मी वॉकरला झेंडू बांधत होते तर अण्णांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला केला, ते फूल काढलं आणि जुन्या पान्यावर ठेवलं. मग दुसरं फूल मागितलं, ते वॉकरवर.

तुमच्या घरात आत्ता कोणती वस्तू झिजते आहे ते बघा. सेकंडहँड लॅपटॉप असेल, कर्जाच्या रिक्षाचं मीटर असेल, कुबडी असेल. सण निघून गेला असेल तरी चालेल. एखाद्या रविवारी ती स्वच्छ पुसा, सैल झालेला स्क्रू आवळा.

पायरी ६ : ज्याने केलं त्याला कळू द्या

घरच्या माणसाला "धन्यवाद" म्हटलं की तो परक्यासारखा बघतो. आपल्या भाषेत त्यासाठी दुसरी वाक्यं आहेत: "बरं झालं आलीस." "तुम्ही होतात म्हणून निभलं." "तुझ्या हातची पेज त्यांनी आज संपवली." शेवटचं वाक्य सर्वांत चांगलं, कारण त्यात काय झालं ते आहे.

बोलवत नसेल तर भांडं वापरा. शेजाऱ्यांचा डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली पद्धत आहेच. मूठभर साखर, दोन लिंबं, अंगणातली फुलं, काहीही घाला. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेलं असतं तिथे बऱ्याच ठिकाणी दिवाळीचा फराळ करत नाहीत, नातलग आणि शेजारी आणून देतात. तुम्ही त्या घरात असाल तर आलेल्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवा. आत्ता काही सुचणार नाही, पण तीन महिन्यांनी एकेक डबा परत करताना बोलायला विषय मिळेल.

पत्र लिहिता आलं तर फारच चांगलं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कधी नीट आभार न मानलेल्या व्यक्तीला पत्र लिहून ते समक्ष नेऊन देणाऱ्यांना महिनाभर तरी त्याचा फायदा जाणवला होता. मी फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीला चार ओळी लिहून दिल्या. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि नेहमीसारखी म्हणाली, "चला काका, गुडघा वर."

पायरी ७ : किती वेळा लिहायचं

पाहायचं रोज, लिहायचं आठवड्यातून एकदा. मी रविवार रात्र धरली होती. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३ च्या प्रसिद्ध अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, कृतज्ञता वाटलेल्या फार तर पाच गोष्टी लिहिल्या होत्या. अडचणी लिहिणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपलं आयुष्य बरं वाटत होतं. त्याच अभ्यासमालिकेत स्नायू आणि नसांचे आजार असलेल्या लोकांनी एकवीस दिवस रोज लिहिलं, त्यांनाही फायदा झाला. दुसरीकडे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना उपयोग झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. माझा अनुभव या दुसऱ्या बाजूचा आहे. रोज लिहायला लागले की तेच तेच यायचं: चहा, प्राजक्त, आई. लिहिण्याची गोळी झाली की तिची चव जाते.

पाच गोष्टी सुचल्या नाहीत तर दोन लिहा. काहीच नाही सुचलं तर वरची दुखण्याची ओळ आणि तारीख टाकून वही मिटा. माझ्या वहीत नरक चतुर्दशीच्या पानावर फक्त तारीख आहे.

जिथे ही वही वापरू नये

कुणी मारहाण करत असेल, पगार बुडवत असेल, उपचारात हयगय करत असेल, तिथे चांगलं शोधत बसू नका. तिथे तक्रार करायची, मदत मागायची, बाहेर पडायचं. तुमचं सोयाबीन परतीच्या पावसात कुजलं असेल तर आधी पंचनामा आणि विम्याचे कागद. वही नंतर.

दुसऱ्याच्या हातात ही वही कोंबू नका. दुःखात असलेल्या माणसाला "चांगल्या गोष्टी बघ" असं म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. स्वतःला म्हणता येतं, तेही हळू.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, खाणं सुटलं असेल, कशातच जीव रमत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटत असेल तर वाट बघू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. सेवा करणाऱ्यांनीही तिथे फोन करावा. मी केला होता, रात्री दीड वाजता, गच्चीवरून.

वही कधी मिटायची

मी ती कार्तिकी पौर्णिमेला मिटली. तोवर तुळशीची लग्नं लागलेली असतात, वृंदावनाशेजारी ऊस उभा असतो, आवळा-चिंच वाहिलेली असते आणि सकाळी पायरीवर उभं राहिलं की पाय गारठतात. शेवटच्या पानावर मी त्या दिवसांतली करणाऱ्यांची नावं ओळीने लिहिली, बावीस झाली. त्यात रात्रीच्या पाळीचे वॉर्डबॉय होते, त्यांचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून 'लाल दोरा बांधलेले दादा' असं लिहिलं.

मग वही अण्णांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली. पेटी आता वर्षातून एकदाच निघते.